आडव्या बाटलीच्या मतदानाआधी: प्रचाराची तयारी

गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायचं ठरलं, सह्या झाल्या, अर्ज राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे पोचला, की बचत गटाच्या बैठकीत लगेच विषय निघतो तो पत्रकारांना कधी बोलवायचं याचा. तो जरा बाजूला ठेवा आणि आधी गावाची मतदार यादी हातात घ्या. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. पण दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला मतं लागतात ती यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. त्या दिवशी किती जणी आल्या, हा हिशेब तिथे चालत नाही. यादीत ९०० बायका असतील तर ४५१ मतं हवीत. चारशे जणी आल्या आणि चारशेही जणींनी आडवी बाटली निवडली तरी दुकान चालूच. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्याच कामी येते. सगळा प्रचार या एका आकड्याभोवती बांधायचा. नियमात बदल होत असतात, म्हणून सध्याच्या आदेशाची प्रत अधीक्षक कार्यालयातून मागून घ्या.

यादी मोठ्याने वाचा, वाडीवार, चार जाणत्या बायकांना बसवून. लग्न होऊन गेलेल्या मुली, वारलेल्या आजी, मुंबई-पुण्याला राहणाऱ्या सुना यांची नावं तशीच असतात आणि एकूण आकडा फुगवतात. नावं कमी करायचे अर्ज वेळेत द्या. ऊसतोडीला जाणारं गाव असेल तर टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागणीचा अर्ज कधी द्यायचा हे त्यावरून ठरवा. मतदानाची तारीख प्रशासन ठरवतं, तरी भातलावणी, भाऊबीज, गावची जत्रा हे दिवस टाळावेत असं निवेदन आधीच देता येतं. निवेदनाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

मग बोलणाऱ्या दोघी ठरवा. एक मुख्य, दुसरी तिच्या जोडीला. पत्रकार, पोलीस, तहसील, सगळ्यांशी याच बोलतील. सरपंचांचे यजमान पुढे येऊन माइक धरणार, हे गृहीत धरा आणि त्यांना मांडवाचं आणि पिण्याच्या पाण्याचं काम द्या.

पत्रक एकच, अर्ध्या कागदाचं. वर दोन ठळक चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि आडवीवर खूण. खाली तारीख, वेळ, केंद्राची जागा, सोबत आणायचं ओळखपत्र. बस. दुकानदाराचं नाव नको, त्याच्या जातीचा उल्लेख तर नकोच. कोणत्याही पुढाऱ्याचा फोटो घालू नका, तो फ्लेक्सचा खर्च देत असला तरी. फोटो लागला की दुसऱ्या गटाच्या घरातल्या बायका त्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत. आपली मागणी परवान्याच्या दुकानाबद्दल आहे, हातभट्टीचा विषय पोलिसांचा आणि ग्रामरक्षक दलाचा, हेही एका ओळीत लिहा. नाहीतर प्रत्येक बैठक त्याच वादात संपते.

निरोप पोचवायचा कसा? व्हॉट्सअॅपवर फार विसंबू नका. बऱ्याच घरांत फोन बाईचा नसतोच, तो नवऱ्याच्या खिशात असतो. ब्रॉडकास्ट लिस्टमधला निरोप तर तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मिळतो. तरीही अर्ध्या मिनिटाची आवाजी फीत करून ठेवा, गावच्याच बोलीत, गावच्याच बाईच्या आवाजात. खरं काम होतं ते नळावर, रोजगाराच्या बांधावर, आठवडी बाजारात, गटाच्या महिन्याच्या हप्त्याच्या दिवशी आणि संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवात. दहा घरांमागे एक बाई नेमा आणि तिच्या हातात त्या दहा घरांच्या नावांचा कागद द्या. आशाताई आणि अंगणवाडीताईंना तारीख-वेळ सांगायला सांगा, बाजू घ्यायला नको. त्यांच्या मानधनावर बालंट येतं. रिक्षा फिरवणार असाल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्या, आणि रात्री दहानंतर आवाज बंद. म्हसवडच्या माणदेशी तरंग किंवा बारामतीच्या वसुंधरा वाहिनीसारखा सामुदायिक रेडिओ टप्प्यात असेल तर मतदान कसं करायचं यावर कार्यक्रम मागा.

आता पत्रकार. तालुक्याचा वार्ताहर बहुधा जाहिरातीच्या कमिशनवर जगतो, हे लक्षात घेऊन त्याच्याशी बोला. बातमीच्या बदल्यात जाहिरात मागितली तर काय उत्तर द्यायचं, हे गटात आधी ठरलेलं असावं. माझं मत विचाराल तर नाहीच म्हणा, पण गोड बोलून. ओळख नसेल तर ६ जानेवारीचा पत्रकार दिन बरा: १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं, म्हणून तालुक्यातले सगळे पत्रकार त्या दिवशी एका सभागृहात भेटतात. बातमी युनिकोडमध्ये टाइप करून दुपारीच पाठवा, पहिल्या चार ओळींत सगळं, फोटोखाली डावीकडून नावं. सह्यांच्या कागदांचा फोटो मात्र कुणालाही देऊ नका, त्यातून घराघरावर दबाव येतो. यूट्यूबवाले येतील आणि नवऱ्याच्या माराबद्दल रडणारी बाई शोधतील. तिची परवानगी कॅमेरा चालू होण्याआधी घ्या, चेहरा झाकायला सांगा, आणि लेकरांना तिथून दूर न्या. बातमीचा उपयोग मुख्यतः अधिकाऱ्यांची हालचाल व्हावी म्हणून. ४५१ मतं पेपरातून येत नाहीत.

आदल्या रात्री ‘मतदान रद्द झालं’ अशी अफवा उठेल, हे धरूनच चला. तिला उत्तर देणारी फीत आधीच तयार असावी, आणि ती फक्त ठरलेल्या दोघींच्या फोनवरून जावी. धमकी आली तर तोंडी तक्रार नको, लेखी द्या आणि पोच घ्या.

मतदानाच्या दिवशी दहा घरांमागे नेमलेल्या बायकांनी दर दोन तासांनी कोण आलं, कोण राहिलं ते कळवायचं. म्हाताऱ्यांसाठी गाडी हवी, पण ती कुणाची याची चौकशी करा. जिंकलात तर दुकानासमोर डीजे लावू नका; हरलात तर किती मतं कमी पडली तो आकडा स्वतःच जाहीर करा. दोन्ही निवेदनं आदल्या दिवशी लिहून ठेवा. निकालाची बातमी छापून आली तरी दुकान बंद होतं ते लेखी आदेशाने, तेव्हा कात्रण जोडून पुढचा अर्ज कोण नेणार, तिचं नाव आजच्याच बैठकीत लिहून घ्या.