झॅबिक्समधील स्थितीविषयक घटना कशा पाहाव्यात व हाताळाव्यात

झॅबिक्स या सर्व्हर व नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'मॉनिटरिंग' या मेनूतील 'प्रॉब्लेम्स' हे पान उघडल्यावर न सुटलेल्या आणि नुकत्याच सुटलेल्या अडचणी एकत्र दिसतात. जुन्या घटना तपासायच्या असतील, तर फिल्टरमध्ये 'हिस्टरी' निवडून हवा तो कालावधी द्यावा. घटनांच्या गांभीर्याच्या सहा पायऱ्या असतात. पाळीवरच्या माणसाने प्रथम 'हाय' व 'डिझास्टर' या दोनच पायऱ्या निवडून पाहाव्यात, कारण किरकोळ इशाऱ्यांच्या गर्दीत खरा बिघाड सहज नजरेआड होतो.

एखादी घटना हाती घेतली की 'अपडेट'वर क्लिक करून ती पाहिल्याची नोंद करावी आणि आपण नेमके काय तपासले, हे संदेशात लिहावे. नुसते 'पाहतो आहे' असे लिहिण्याने पुढच्या पाळीतील सहकाऱ्याला काहीच कळत नाही. या नोंदीने अडचण मिटत नाही, ती एरवी ट्रिगरची, म्हणजे अडचण कधी मानायची हे ठरवणाऱ्या नियमाची, अट लागू राहिली नाही की मगच मिटते. घटना हाताने बंद करता येते, पण त्या ट्रिगरमध्ये तशी परवानगी आधी दिलेली असावी लागते. आवृत्ती 6.2 पासून घटना ठरावीक वेळेपुरती दडपूनही ठेवता येते. नियोजित दुरुस्तीसाठी मात्र 'मेंटेनन्स'चा कालावधी आधीच नोंदवणे अधिक योग्य.

नेटवर्कमधील उपकरणे जोडणारा एक स्विच बंद पडताच त्यामागील सर्व उपकरणांचे इशारे येत असतील, तर त्यांचे ट्रिगर स्विचच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवावेत, म्हणजे मूळ बिघाडाचीच घटना दिसते.