मराठी विकिपीडियावर बिघाड कळवताय? या चुका टाळा

मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तेव्हापासून चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामाईक चर्चा-पानावर, एक वाक्य पुन्हा पुन्हा उमटत आलं आहे: ‘काहीतरी बिघडलंय, कोणीतरी बघा.’ दोन-चार जण ‘माझ्याकडेही’ म्हणतात, चर्चा खाली सरकते आणि बिघाड तसाच राहतो. कोणाची इच्छा नसते असं नाही. ज्याने दुरुस्ती करायची, तो माणूस आपली चावडी वाचतच नाही.

विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, ती शेकडो भाषांसाठी एकच आहे. तिच्यावर काम करणारे प्रोग्रॅमर जगभर विखुरलेले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्या कामाच्या नोंदी फॅब्रिकेटर नावाच्या सार्वजनिक यंत्रणेत असतात (२०१४पूर्वी हेच काम बगझिलावर चाले). म्हणून बग कळवताना एकच कसोटी डोळ्यांपुढे ठेवा: मराठीचं एक अक्षरही न कळणाऱ्या माणसाला माझी नोंद वाचून हाच बिघाड स्वतःच्या संगणकावर घडवता येईल का? खाली सांगितलेली जवळजवळ प्रत्येक चूक या कसोटीला न उतरल्यामुळेच होते.

‘चालत नाही’ एवढंच लिहिणं

फॅब्रिकेटरचा बग-अर्ज तीन गोष्टी विचारतो: काय काय केल्यावर हे घडतं, प्रत्यक्षात काय होतं आणि काय व्हायला हवं होतं. घाईत लोक मधलंच उत्तर देतात, तेही अर्धं. ‘मोबाइलवर मराठी टाइप करताना गडबड होते’ ही नोंद वाचून कोणीही काही करू शकत नाही.

समजा, जोडाक्षर लिहिताना कर्सर उडी मारतोय. मग असं लिहा: लॉग इन न करता मोबाइल साइटवर धूळपाटी (सरावाचं पान) उघडली. ‘संपादन’ दाबलं. फोनचा मराठी कीबोर्ड निवडला. आधीच्या मजकुराच्या मधोमध कर्सर ठेवला. क, हलन्त, ष या क्रमाने कळा दाबल्या. ‘क्ष’ तिथेच उमटायला हवा होता. हलन्त दाबताच कर्सर ओळीच्या शेवटी गेला आणि ष तिकडे उमटला. त्याखाली फोनची प्रणाली, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, कीबोर्डचं नाव. लिहायला जेमतेम पाच मिनिटं लागतात, पण समोरच्याचे कित्येक तास वाचतात. कळांचा क्रम देणं तर फार मोलाचं, कारण तयार झालेलं अक्षर त्याला वाचता आलं नाही तरी कळा मोजता येतात.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून थांबू नका. तुटक, साधी वाक्यं चालतात. वाटल्यास चावडीवर मराठीत पूर्ण तपशील लिहा आणि भाषांतरासाठी मदत मागा. तपशील असेल तर मदत करणारा सापडतो.

पाहिलेलं सोडून निदान कळवणं

‘सर्व्हर झोपलाय’, ‘माझं खातं कोणीतरी अडवलंय’, ‘नव्या अपडेटने वाट लावली’. हे सगळे आपले तर्क आहेत. ते बरोबरही असतील, पण चुकले तर शोध भलत्या दिशेला जातो. पडद्यावर जो संदेश आला तो अक्षरशः, कॉपी करून द्या. तर्क सांगायचाच असेल तर शेवटी, तर्क म्हणूनच सांगा.

घरचा दोष प्रणालीवर ढकलणं

अनुभवी संपादकांकडून ही चूक जास्त होते, कारण त्यांच्या खात्यात वर्षानुवर्षांच्या उपकरणांचा (गॅजेट) आणि स्वतःच्या स्क्रिप्टांचा, म्हणजे पानाचं वागणं बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा, साठा असतो. त्यांतली एखादी जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीत मोडते आणि संपादनाची पट्टीच गायब होते. कळवण्याआधी वेबपत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन इंग्रजी अक्षरांत ‘safemode=1’ जोडा आणि पान उघडा. यात स्थानिक आणि वैयक्तिक स्क्रिप्टा बंद राहतात. बिघाड नाहीसा झाला तर दोष स्क्रिप्टेत आहे. मग लॉग आउट करून पाहा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहा, त्वचा (पानाची मांडणी-सजावट) बदलून पाहा. यातलं काय काय करून झालं तेही नोंदीत लिहा, म्हणजे तेच प्रश्न विचारण्यात आठवडा जात नाही.

साचा, म्हणजे अनेक पानांत वापरला जाणारा सामाईक तुकडा, बदलल्यावर तो वापरणारी सगळी पानं आणि वर्ग लगेच बदलत नाहीत. ती कामं रांगेत लागतात. थोडं थांबा, मगच बग समजा.

चुकीचं दार ठोठावणं

लेखातली तारीख चुकली असेल तर तो बग नाही; संपादन करा किंवा चर्चा पानावर लिहा. कोणी लेखाची नासधूस केली तर प्रचालकांना (विशेष अधिकार असलेल्या संपादकांना) सांगा. माहितीचौकट (लेखाच्या बाजूची तक्त्यासारखी चौकट) वेडीवाकडी दिसत असेल तर आधी साच्याचा इतिहास बघा. बऱ्याचदा दोन दिवसांपूर्वी कोणीतरी एक कंस खाल्लेला असतो.

बटणावरचा किंवा सूचनेतला मराठी शब्द खटकला तर मात्र प्रकरण वेगळं. हे मजकूर ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवक भाषांतरित करतात आणि तिथे आपणही खातं काढून दुरुस्ती करू शकतो. कोणता संदेश बदलायचा हे कळत नसेल तर वेबपत्त्याला इंग्रजी अक्षरांत ‘uselang=qqx’ जोडा. पडद्यावर शब्दांच्या जागी संदेशांची नावं दिसू लागतात. दुर्बोध, बोजड मराठी पाहून आपण हळहळतो, पण ते सुधारण्याची किल्ली आपल्याच हातात आहे, हे मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असतं आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अक्षर ‘दिसतं तसं’ कळवणं

मराठीच्या खास बिघाडांपैकी बरेच इथे अडकतात. उदाहरण ‘ॲ’चं. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, २००८ साली आलं, त्याचा क्रमांक ०९७२. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडून, म्हणजे ०९०५ आणि ०९४५ हे दोन संकेत वापरून ‘अॅ’ लिहीत. अनेक कीबोर्ड आजही तसंच लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, पण युनिकोडच्या नियमांत त्यांना एकरूप मानलेलं नाही, त्यामुळे मीडियाविकी ती दोन वेगळी शीर्षकं धरते. लेख असूनही दुवा लाल, म्हणजे पानच नसल्यासारखा, दिसतो आणि आपण लिहितो, ‘दुवे तुटलेत’. प्रोग्रॅमर दुवा उघडतो, त्याला रिकामं पान दिसतं, आणि लेखच नाही असं समजून तो नोंद बंद करतो.

‘दऱ्या’मधल्या अर्ध्या रचं तेच. कोणी ‘ऱ’ला हलन्त देतं, तर कोणी साध्या रला हलन्त देऊन पुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह टाकतं. ते जोडचिन्ह कॉपी-पेस्टमध्ये किंवा एखाद्या सफाई करणाऱ्या सांगकाम्याच्या (आपोआप संपादन करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फेरीत गळलं, की दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, डोंगर समुद्राला मिळतात आणि वाक्याचा अर्थच बदलतो.

अशा वेळी नुसतं अक्षर दाखवू नका, त्याचे संकेतांक द्या. शब्द चिकटवला की संकेतांक दाखवणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. ‘अमुक दोन शब्द दिसायला सारखे आहेत, पहिल्यात हे संकेत, दुसऱ्यात हे’ असं लिहिलं की देवनागरी न येणाऱ्यालाही नेमकं काय ते कळतं. आणि तोपर्यंत लाल दुव्यावर उपाय आपणच करावा: दुसऱ्या शीर्षकावरून मूळ लेखाकडे आपोआप नेणारं पुनर्निर्देशन द्यावं.

‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, ही तक्रारही नेहमीची आहे. इथे आधी यंत्र तपासा. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तर मराठी वळण निवडलं जातं. काही फाँटांत ते मुळातच नसतं. एकाच पानावर काही परिच्छेदांत मराठी ल आणि एका साच्यात हिंदी ल दिसत असेल, तर त्या साच्यात भाषेची खूण चुकली असण्याची शक्यता मोठी. सगळीकडे हिंदीच दिसत असेल आणि शेजारच्याच्या फोनवर मराठी, तर तो आपल्या फोनचा फाँट.

चित्र पाठवलं, मजकूर नाही (किंवा उलटं)

देवनागरीच्या बिघाडाला दोन्ही लागतं. अक्षर कसं दिसतं हे चित्राशिवाय कळत नाही, कारण समोरच्याकडे वेगळा फाँट असतो. आणि चित्रातून मजकूर कॉपी करता येत नाही. पानाचा दुवा द्या, तोही शक्यतो विशिष्ट आवृत्तीचा. नाहीतर कोणी बघेपर्यंत लेख बदललेला असतो.

फॅब्रिकेटरवरचं सगळं जगाला दिसतं. चित्र चढवण्याआधी बाजूचे टॅब, ईमेलची सूचना, बँकेचा संदेश कापून टाका.

कधीपासून, हे न सांगणं

मीडियाविकीची नवी आवृत्ती साधारणपणे दर आठवड्याला टप्प्याटप्प्याने बसवली जाते: मंगळवारी चाचणीच्या विकींवर, बुधवारी विकिपीडियाच्या बहुतेक भगिनी प्रकल्पांवर, गुरुवारी बहुतांश विकिपीडियांवर. ‘गुरुवारी दुपारपर्यंत ठीक होतं, शुक्रवारी सकाळी मोडलेलं’ या एका वाक्याने शोधाचा पल्ला एका आठवड्यातल्या बदलांपुरता उरतो. ‘विशेष:आवृत्ती’ या पानावर चालू आवृत्तीचा क्रमांक मिळतो, तोही द्या.

नोंद करताना आणि नंतर

आधी शोधा. तोच बग कोणी नोंदवला असेल तर त्यातच भर घाला. ‘मलाही होतंय’ याने फारसं काही साधत नाही, पण ‘मला फायरफॉक्सवर होतं, क्रोमवर नाही’ याने खूप साधतं. एका नोंदीत एकच बिघाड. पाच तक्रारी एकत्र लिहिल्या की तीन सुटल्यावर नोंद बंद करायची की उघडी ठेवायची, हे कोणालाच कळत नाही. प्राधान्याचा रकाना आपण बदलायचा नसतो, तो काम करणाऱ्यांचा आहे. तातडी खरी असेल तर परिणाम लिहा: किती जणांचं कोणतं काम अडलंय, पर्यायी वाट आहे की नाही.

एक अपवाद कडक आहे. दुसऱ्याचं खातं उघडता येतंय, खासगी माहिती दिसतेय असं काही आढळलं, तर चावडीवर किंवा व्हॉट्सॲप गटात एक शब्दही लिहू नका. सुरक्षेच्या बिघाडांसाठी फॅब्रिकेटरवर वेगळा अर्ज आहे; ती नोंद मोजक्या लोकांनाच दिसते.

नोंद केल्यावर पाठ फिरवणं हीदेखील चूकच. प्रोग्रॅमर एखादा प्रश्न विचारतो, उत्तर येत नाही, आणि माहितीअभावी नोंद बंद होते. ईमेलच्या सूचना चालू ठेवा. दुरुस्ती झाली असं कळलं तरी ती आपल्या विकीवर पोचायला पुढचा गुरुवार लागू शकतो. पोचल्यावर तेच टप्पे पुन्हा करून पाहा, निकाल नोंदीत लिहा आणि तिचा क्रमांक चावडीवरच्या मूळ चर्चेत टाका, म्हणजे पुढच्या वेळी तोच बिघाड दिसणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.