ड्युटी सांभाळून एडिनबराची एम.एस्सी. : तरुण सर्जननी ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण कसे करावे

पुण्याच्या पेठांत किंवा गिरगावात जुन्या दवाखान्यांच्या पाट्यांवर अजून कुठे कुठे ‘एफ.आर.सी.एस. (एडिनबरा)’, म्हणजे तिथल्या रॉयल सर्जन्स कॉलेजची फेलोशिप, असं वाचायला मिळतं. ती पिढी बोटीने गेली, थंडीत कुडकुडली आणि परत येऊन पाटी लावली. आता एडिनबराच रात्री साडेअकराला तुमच्या लॅपटॉपवर येतं आणि नेमकं तेव्हाच कॅज्युअल्टीतून फोन येतो, ‘सर, परफोरेशन आहे’, म्हणजे आतडं फुटलंय, लगेच ऑपरेशन.

एडिनबरा विद्यापीठ आणि १५०५ साली स्थापन झालेलं तिथलं रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स यांनी मिळून २००७ मध्ये ‘सर्जिकल सायन्सेस’ची एम.एस्सी. सुरू केली. ही पदवी पूर्ण ऑनलाइन, अर्धवेळ आणि तीन वर्षांची आहे. प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या टप्प्यावरच्या सर्जनसाठी ती आखलेली आहे आणि अभ्यासक्रम एम.आर.सी.एस. परीक्षेच्या, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल सर्जन्स कॉलेजांच्या सदस्यत्वाच्या परीक्षेच्या अंगाने जातो. पुढच्या टप्प्यावरच्यांसाठी त्यांनीच सी.एच.एम. नावाचे दोन वर्षांचे अभ्यासक्रमही काढले. मी स्वतः अशाच एका परदेशी अभ्यासक्रमातून गेलो आहे, तेही बॉण्ड (सरकारी सक्तीची सेवा) आणि सीनिअर रेसिडेन्सी (एम.एस.नंतरची हॉस्पिटलातली नोकरी) करता करता. त्या अनुभवातून सांगतो.

आधी : काय मिळणार नाही ते समजून घ्या

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी वाटते, म्हणून लोक ती गाळतात आणि नंतर पस्तावतात.

या पदवीने तुम्ही भारतात सर्जन होत नाही. इथे सर्जन व्हायचा रस्ता नीट-पीजीसारख्या प्रवेश परीक्षेतून एम.एस. किंवा डी.एन.बी. ही सर्जरीची पदव्युत्तर पदवी हाच आहे. ऑनलाइन एम.एस्सी. त्याची जागा घेत नाही आणि मेडिकल कॉलेजात शिकवण्याच्या पात्रतेलाही चालत नाही. ब्रिटनमध्ये प्रॅक्टिसचा परवानाही तिच्यामुळे मिळत नाही. तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलला पदव्युत्तर पात्रता म्हणून एम.आर.सी.एस. चालते, ती वेगळी परीक्षा आहे. घरी बसून शिकत असल्यामुळे विद्यार्थी व्हिसाचाही प्रश्न येत नाही.

आणखी एक खड्डा आहे अक्षरांचा. एडिनबराची ‘सी.एच.एम.’ आणि आपली ‘एम.सीएच.’ ऐकायला जुळ्या बहिणी वाटतात. आपली एम.सीएच. म्हणजे एम.एस.नंतर नीट-एसएससारखी प्रवेश परीक्षा देऊन पूर्णवेळ केलेली तीन वर्षांची सुपरस्पेशालिटी. एकीचं नाव दुसरीच्या जागी पाटीवर लागलं तर ती गंमत राहत नाही, मेडिकल कौन्सिलपुढचं प्रकरण होतं.

हातातलं कसबही इथे मिळत नाही. लॅप्रोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, हात बसवायचा असेल तर तेच पैसे आणि तोच वेळ एफ.एम.ए.एस. किंवा एफ.आय.ए.जी.ई.एस.सारख्या दुर्बिणीच्या सर्जरीच्या फेलोशिपच्या प्रत्यक्ष शिबिरांत आणि त्याहून जास्त एखाद्या चांगल्या सीनिअरच्या समोर उभं राहून असिस्ट करण्यात घाला.

मग कशासाठी करायचं, ते एका वाक्यात लिहा

खरंच कागदावर लिहा. माझ्या मते तीन उत्तरं चालतात. एक, एम.आर.सी.एस. द्यायची आहे आणि बेसिक सायन्स शिस्तीत वाचून होत नाही. तिचा पहिला, लेखी भाग, पार्ट ए, म्हणजे एका दिवसात दोन पेपर, तीन तासांत १८० आणि दोन तासांत १२० प्रश्न. रोजच्या ओपीडीने त्याची तयारी होत नाही. दोन, संशोधन समजून घ्यायचं आहे, म्हणजे पेपर वाचून ‘हे माझ्या पेशंटला लागू आहे का’ हे स्वतः ठरवता यायला हवं आहे. तीन, पुढे परदेशात फेलोशिप किंवा इथे अध्यापन करायचं आहे आणि लिहिण्याची सवय लावायची आहे.

‘बायोडेटात एक ओळ वाढेल’ हे उत्तर तीन वर्षं पुरत नाही. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात ते संपतं.

आता वेळ कधीची निवडावी? नीट-पीजीची तयारी चालू असेल तर थांबा, तिथे प्रत्येक तास नीटलाच लागतो. एम.एस.च्या तीन वर्षांतही हा घाट घालू नका. रेसिडेन्सी पूर्णवेळ असते, थीसिस असतो, तीन महिन्यांचं डिस्ट्रिक्ट पोस्टिंग असतं. तरीही करायचंच असेल तर कॉलेज आणि विद्यापीठाकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी ‘कर रे’ वर जाऊ नका. सगळ्यात बरी वेळ एम.एस.नंतरची, बॉण्ड किंवा सीनिअर रेसिडेन्सीची. पगार सुरू असतो, केसेस असतात आणि आपल्याला काय येत नाही हे नुकतंच कळलेलं असतं.

तासांचा हिशेब करा

ब्रिटनमध्ये एका क्रेडिटमागे साधारण दहा तासांचा अभ्यास धरतात. एम.एस्सी. १८० क्रेडिटची म्हणजे १,८०० तास. तीन वर्षांत वाटले तर वर्षाला ६००. शिकवणीचे आठवडे चाळीस धरले तर आठवड्याला १५ तास. पत्रकात ‘लवचिक’ हा शब्द दहा वेळा असेल, पण त्याचा अर्थ एवढाच की हे १५ तास कधी द्यायचे ते तुम्ही ठरवायचं. द्यायचे तर आहेतच.

आता आपला आठवडा घ्या. इमर्जन्सीचा दिवस वजा, त्याच्या नंतरचा दिवसही वजा, कारण त्या दिवशी पुस्तक उघडलं तरी डोळे मिटतात. उरलेल्या पाच दिवसांपैकी दोन संध्याकाळी पोस्ट-ऑप राउंडमध्ये जातात. राहिल्या तीन संध्याकाळी आणि कधी मिळाला तर रविवार. तीन संध्याकाळी तीन-तीन तास आणि रविवारी सहा तास असं धरलं तर १५ होतात, पण त्यात लग्न, बारसं, मुलाचा वाढदिवस आणि झोप यांना जागा नाही. म्हणून हे गणित घरच्यांसमोर बसून करा. मी ते एकट्याने केलं होतं. त्याची किंमत वेगळी द्यावी लागली.

पैसे भरण्याआधी स्वतःची परीक्षा घ्यायची एक स्वस्त युक्ती आहे. आयसीएमआरच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत ऑनलाइन अभ्यासक्रम घ्या. पीजी विद्यार्थ्यांना तो तसाही करावा लागतो. व्याख्यानं फुकट असतात, परीक्षेची फी तेवढी भरावी लागते. तुमचा झाला असेल तर त्यातल्याच धड्यांवर चार आठवडे रोजच्या ड्युटीत ठरलेले तास बसून बघा. चारपैकी तीन आठवडे जमलं तर अर्ज करा. एकच जमला तर निदान काही लाख रुपये वाचले.

कागदपत्रं : खरी अडचण नावाची

सहसा एम.बी.बी.एस.ची पदवी, गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या विषयांचा आणि गुणांचा विद्यापीठाचा उतारा), नोंदणी प्रमाणपत्र, एक-दोन शिफारसपत्रं आणि इंग्रजीचा पुरावा मागतात. इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा दाखला चालतो की आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. आधी ईमेल करून विचारा.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मागवायला वेळ धरून चला. शिफारसपत्र एच.ओ.डी.कडे मागताना ‘सर, लेटर द्या’ एवढंच म्हणू नका. आपण कोणत्या केसेस केल्या, लॉगबुकात काय आहे, कोर्स कशाचा आहे, हे अर्ध्या पानात लिहून द्या. बहुतेक सर तेच थोडं बदलून सही करतात आणि पत्रात निदान तुमच्याबद्दल काही खरं येतं.

मराठी माणसाची अडचण मात्र नावात असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींचं एम.बी.बी.एस. एका नावाने आणि एम.एस. दुसऱ्या नावाने. परदेशी विद्यापीठ पासपोर्टवरचं नाव धरतं आणि पदवीवर तेच छापतं. अर्जाच्या पहिल्या दिवसापासून एकच नाव चालवा आणि फरक असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत जोडा. मागाहून दुरुस्त करायला जाल तर महिने जातात.

पैसे

फी दरवर्षी बदलते, म्हणून आकडा देत नाही. पण पाहायचं कसं ते सांगतो. पूर्ण पदवीची फी आणि एका वर्षाची फी यांत गल्लत करू नका. पुढच्या वर्षी फी वाढते का, ते विचारा. पौंडाचा भाव तीन वर्षं आजच्याइतकाच राहील असं धरू नका.

बहुतेक ठिकाणी वर्षावर्षाला फी भरता येते आणि मधे थांबायची सोय असते. ६० क्रेडिटला पदव्युत्तर प्रमाणपत्र, १२० ला डिप्लोमा, १८० ला एम.एस्सी. ही सोय फार मोलाची आहे. पहिलं वर्ष भरा, बघा, मग ठरवा.

पैसे बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली, म्हणजे व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली जातात. फॉर्म ए-टू, पॅन आणि विद्यापीठाचं फीचं पत्र लागतं. एका आर्थिक वर्षात सगळं मिळून १० लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँक पैसे पाठवतानाच वसूल करते तो आगाऊ कर, कापत नाहीत. त्याच वर्षी परदेशात आणखी पैसे पाठवले असतील तर तेही त्यातच मोजतात. तालुक्याच्या शाखेत हे काम क्वचितच येतं. फॉरेक्स हाताळणारी शहरातली शाखा गाठा.

राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आयोग दूरशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या देतो, खास आपल्या देशात राहूनच शिकणाऱ्यांसाठी. पात्र देश आणि अभ्यासक्रमांची त्या वर्षाची यादी पाहूनच आशा धरा.

सुरू झाल्यावर : घड्याळ आणि दोन प्रकारचं काम

ब्रिटनचं घड्याळ वर्षातून दोनदा हलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते आपल्या साडेचार तास मागे असतं, एरवी साडेपाच तास. म्हणजे दुपारी बाराची मुदत हिवाळ्यात आपल्याकडे साडेपाचला संपते आणि उन्हाळ्यात साडेचारला. एप्रिलमध्ये माझा एक निबंध या एका तासाने उशिरा गेला आणि मार्क कापले गेले. थेट सत्रं बहुतेक तिथल्या संध्याकाळी असतात. नोंद झालेलं सत्र नंतर पाहता येतं का, ते प्रवेशाआधी विचारा.

कामाचे दोन ढीग करा. बहुपर्यायी प्रश्न, चर्चेच्या पानावरची उत्तरं, छोटी व्हिडिओ व्याख्यानं हे सगळं फोनवर, ॲनेस्थेशिया चढेपर्यंतच्या वेळात होतं. निबंध मात्र टेबलाशी बसूनच होतो. हे दोन्ही मिसळले की दोन्ही बिघडतात. उपजिल्हा रुग्णालयात पोस्टिंग असेल तर आठवड्याचं साहित्य रविवारी उतरवून ठेवा. क्वार्टरच्या वायफायवर पदवी टांगू नका.

चर्चेच्या पानावर लिहायला लाजू नका. सुरुवातीला ब्रिटनमधल्या मुलांचं इंग्रजी पाहून आपण गप्प बसतो. मग कुणीतरी टायफॉइडच्या परफोरेशनबद्दल किंवा आतड्याच्या टीबीबद्दल विचारतं आणि लक्षात येतं की तिथे बसलेल्यांत ते रोज पाहणारे आपणच आहोत.

स्रोत नोंदवण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावा. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. आपल्याकडे थीसिसमध्ये आधीच्या बॅचचा ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ थोडा हलवून घेतात, ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे ते चालत नाही. निबंध आधी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो आणि एक परिच्छेद पकडला गेला तरी चौकशी बसते. आणि विद्यापीठाचं ग्रंथालय पुरेपूर वापरा. तीन वर्षं मोठमोठ्या नियतकालिकांचे पूर्ण लेख वाचायला मिळतात. माझ्या मते फीचा निम्मा मोबदला तोच आहे.

मधे बाळंतपण, घरातलं आजारपण, बदली आली तर विद्यापीठाला आधी कळवा. अभ्यास काही महिने थांबवण्याची रीतसर सोय असते. गायब होऊन नंतर कारण सांगितलं तर ती मिळणं अवघड जातं.

शेवटचं वर्ष : प्रबंधाचा विषय

आपल्याच हॉस्पिटलचे रेकॉर्ड काढून अभ्यास करायचा मोह होतो. करा, पण जुन्या केसपेपरवरच्या अभ्यासालाही आपल्या संस्थेच्या एथिक्स कमिटीची मान्यता लागते. कमिटीची बैठक तीन महिन्यांतून एकदा होत असेल तर ते आधीच धरा. तिकडच्या विद्यापीठाची परवानगी वेगळी लागते आणि पेशंटची माहिती ओळख पटेल अशा रूपात बाहेर जाता कामा नये. कमिटी नसलेल्या छोट्या हॉस्पिटलात असाल तर पद्धतशीर आढावा निवडा, म्हणजे छापून आलेल्या अभ्यासांवरचाच अभ्यास. त्यात पेशंटची माहिती लागत नाही, पण काम सोपं आहे असं समजू नका. दोन हजार सारांश चाळून वीस पेपर हाती लागतात आणि दुसरा वाचक म्हणून बॅचमेटला गळ घालावी लागते.

विषय छोटा ठेवा. ‘डायबेटिक फूट’ हा विषय होत नाही. ‘डायबेटिक फूटमध्ये पायाचं बोट काढल्यानंतर वर्षभरात पुन्हा ऑपरेशन कुणाला लागतं’ हा विषय होतो.

पदवी हातात आल्यावर

समारंभाला एडिनबराला जायचं असेल तर व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो. पाटीवर एम.एस. किंवा डी.एन.बी. मोठ्या अक्षरांत राहू द्या. मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत नसलेली पदवी सर्जन असल्याचा पुरावा म्हणून लावू नका. बायोडेटात विद्यापीठाचं पूर्ण नाव, वर्ष, ‘अर्धवेळ, ऑनलाइन’ हे शब्द आणि खाली प्रबंधाचा विषय लिहा. मुलाखतीत समोरचे त्या विषयावरच बोलायला लागतात.