डोंगरातली सायकलवाट : आखणी, खोदाई आणि राखण

धुळ्याच्या दक्षिणेकडील मुरमाड टेकड्यांवर आम्ही काही सायकलस्वारांनी श्रमदानातून पहिली वाट काढली, तेव्हा माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ उताराचीच रेषा धरली होती, कारण उतरताना तीच सर्वांत मोकळी वाटत होती. जूनअखेरच्या एका जोरदार सरीने त्या वाटेचा ओघळ केला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिले, तर चाकांनी पडलेल्या खाचेतून मुरूम वाहून गेला होता, दगड उघडे पडले होते आणि पायथ्याच्या शेतात, नुकत्याच लावलेल्या कपाशीच्या सऱ्यांमध्ये, आमच्या वाटेचा गाळ पसरला होता. तो गाळ आम्ही दोन दिवस घमेल्याने उपसला. डोंगरात वाट काढणे हे मुळात पाण्याला वाट देण्याचे काम आहे, हे त्या दोन दिवसांत आम्हाला नीट कळले, आणि पुढे जे लिहिले आहे ते सारे त्याच एका गोष्टीभोवती आहे.

खानदेशात पाऊस कोकणासारखा महिनोन्महिने पडत नाही; पण जो पडतो तो थोड्या वेळात धो धो पडतो, आणि तोपर्यंत मार्च ते मे या तीन महिन्यांच्या उन्हाने जमिनीचा वरचा थर भुसभुशीत झालेला असतो. म्हणून इथल्या वाटेची परीक्षा एकूण किती पाऊस झाला यावर ठरत नाही, तर पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींवर ठरते.

कुदळ हातात घेण्यापूर्वी जमीन कोणाची आहे हे पाहावे. टेकडी गायरानात असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि महसूल खात्याची संमती घ्यावी. खाजगी असेल तर सातबारा पाहून मालकाची लेखी परवानगी घ्यावी. वनक्षेत्र असेल तर वनरक्षक आणि वनक्षेत्रपाल यांच्यामार्फत वन विभागाकडे अर्ज करावा आणि लेखी उत्तर येईपर्यंत गवताची काडीसुद्धा हलवू नये. यावल, अनेर धरण आणि गौताळा औट्रमघाट ही अभयारण्ये नव्या वाटेसाठी विचारातच घेऊ नयेत. जुन्या किल्ल्यांचा आणि लेण्यांचा मोह सर्वांनाच होतो. परंतु केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र असते आणि त्यापुढील २०० मीटरांवर नियंत्रण असते, हे ध्यानात ठेवावे. सातपुड्यात आणि साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात अनेक गावांना वनहक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. तिथे ग्रामसभा हीच खरी यजमान असते. साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने स्वतःचे नियम करून आपले जंगल पुन्हा उभे केले आणि त्या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अशा गावांत आपण केवळ कागदावरची सही मागायला जाऊ नये. वाट कुठून जाईल हे गावकऱ्यांसोबत चालत ठरवावे, आणि त्यांनी नको म्हटलेली जागा निमूटपणे सोडून द्यावी.

गुराख्यांशी आणि मेंढरे घेऊन फिरणाऱ्या ठेलारी मंडळींशी बोलणे तर आखणीचाच भाग आहे. कोणत्या कड्याखाली पावसात पाणी साचते, कोणता नाला अचानक भरतो, शेंदूर लावलेला देवाचा दगड कुठे आहे, हे त्यांना ठाऊक असते. शिवाय ढोरवाटा पाहाव्यात. जनावर सरळ चढत नाही, ते डोंगराला आडवे चालते. त्यामुळे बऱ्याच जुन्या ढोरवाटा आजही धडधाकट आहेत, आणि आमच्या सध्याच्या वाटेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग अशाच वाटांवरून जातो.

माती निवडताना खानदेशी माणसाला फार शिकवावे लागत नाही. तापीकाठची काळी कसदार जमीन कापसाला आणि केळीला उत्तम, पण वाटेला अजिबात नाही : ओली झाली की फुगते, चाकाला गोळे धरते, आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सपाट काळ्या रानातली वाट टाळावी, कारण तिथल्या पाण्याला जायला जागाच नसते. बरड, मुरमाड, मध्यम उताराची टेकडीची कूस हीच योग्य जागा होय.

आखणीचा पाया म्हणजे निम्म्याचा नियम. १९८८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने, म्हणजे इम्बाने, हा नियम जगभरच्या स्वयंसेवकांपर्यंत पोहोचवला. वाटेचा चढ हा ज्या कुशीवरून ती जाते तिच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये. म्हणजे टेकडीचा उतार १६ टक्के असेल तर वाटेचा चढ ८ टक्क्यांच्या आत हवा. तो जास्त झाला तर पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेनेच धावू लागते. याच्या जोडीला संपूर्ण वाटेची सरासरी १० टक्क्यांपेक्षा कमी ठेवावी. मुरमाच्या जमिनीवर आम्ही ती ७ टक्क्यांच्या आसपास ठेवतो.

हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. टेकडीचा उतार मोजण्यासाठी एक मीटर लांबीची काठी घ्यावी, तिचे एक टोक चढाच्या बाजूला जमिनीला टेकवावे आणि काठी खालच्या दिशेने आडवी धरावी. तिच्यावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली ठेवून काठी समतल करावी, आणि मोकळ्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. जितके सेंटिमीटर, तितके टक्के. वाटेची रेषा धरण्यासाठी मात्र पाणलोटाच्या कामात सलग समपातळी चर आखायला वापरतात ती ए-फ्रेम सर्वांत चांगली. सव्वादोन मीटरच्या दोन सरळ काठ्या वर बांधाव्यात, पायांतले अंतर नेमके दोन मीटर ठेवावे, मध्ये आडवी पट्टी बांधावी आणि शेंड्यावरून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडावा. दोरी पट्टीवर जिथे टेकते तिथे खूण करावी, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी; या दोन खुणांचा मध्य ही समतल जागा. आता एका पायाखाली १४ सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा पक्का बांधावा. तो पाय उताराकडे ठेवून दोरी मधल्या खुणेवर येईल असे पाऊल टाकत गेले की ७ टक्के उताराची रेषा आपोआप मिळत जाते. प्रत्येक पावलाला चुन्याची फक्की टाकावी. ही रेषा दोन्ही दिशांनी किमान तीनदा चालावी, आणि त्यातला एक फेरा पावसानंतरचा असावा.

रेषा एकसारखी उतरत ठेवू नये. दर १० ते १५ मीटरांवर वाट काही पावलांपुरती उलटी चढवावी, म्हणजे चढापूर्वीच्या खोलगट जागी पाणी थांबून बाहेर पडते. कितीही लांब वाट असली तरी तिच्यावरून कोणताही थेंब १५ मीटरांपेक्षा अधिक प्रवास करणार नाही, अशी व्यवस्था यातून होते. आडवी लाकडे किंवा दगडांच्या ओळी रोवून पाणी अडवण्याचा प्रयोग अनेकजण करतात, परंतु सायकलसाठी तो वाईट आहे : चाक आदळते, मागे गाळ भरतो आणि स्वार बाजूने नवी वाट पाडतात. हाच उलटा चढ वळणाच्या आधी ठेवला तर वेग आपोआप उतरतो आणि ब्रेक दाबून जमीन खरवडली जात नाही.

खोदाईचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंतचा. परतीच्या पावसाची ओल तेव्हा मुरमात असते. जानेवारीनंतर टिकाव उसळून परत येतो. अडचण एवढीच की हाच कपाशी वेचणीचा काळ असतो, त्यामुळे शेतकरी घरातल्या साथीदारांना आठवड्यातून एका सकाळीपेक्षा जास्त मागू नये. आठ-दहा जणांच्या गटाला टिकाव, कुदळी, फावडी, दोन पहारी, दाताळी, घमेली, एक धुमस आणि झुडपांसाठी कोयते पुरतात. सकाळी साडेसहाला सुरू करून साडेदहाला थांबावे. एवढ्या वेळात आमचा गट मध्यम कठीण मुरमात साधारण ३० ते ४० मीटर वाट पुरी करतो, आणि यापेक्षा घाई केली की काठ कच्चे राहतात असा आमचा अनुभव आहे.

वाट ६० ते ७५ सेंटिमीटर रुंद असावी आणि ती पूर्णपणे डोंगर कापून काढावी. अर्धी कापायची आणि उरलेली खालच्या बाजूला टाकलेल्या सुट्या मातीवर बसवायची, हा मोह टाळावा. ती सुटी माती पहिल्याच पावसाळ्यात सरकते. आधी गवताच्या ढेपा मुळांसकट काढून सावलीत ठेवाव्यात. मग मुरमापर्यंत खोदावे, वरची दरड उभी न ठेवता तिरपी छाटावी आणि निघालेली माती खालच्या झुडपांत दूरवर विखरून टाकावी. वाटेच्या काठावर तिचा ढीग राहता कामा नये. वाटेचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला ५ टक्के कलता हवा, म्हणजे ६० सेंटिमीटरांत ३ सेंटिमीटर. डोळ्याला हा कल जाणवतही नाही. आम्ही वाटेवर टेनिसचा चेंडू ठेवतो. तो आडवा घरंगळत काठाबाहेर गेला तर काम बरोबर, वाटेने पुढे धावला तर पुन्हा फावडे. कल जमल्यावर धुमसाने ठोकून घ्यावे आणि ढेपा खालच्या उतारावर लावाव्यात.

नाला ओलांडताना काटकोनात आणि सर्वांत उथळ जागी ओलांडावा, आणि दोन्हीकडून वाट नाल्यात उतरून पुन्हा चढेल अशी ठेवावी, म्हणजे भरलेला नाला वाटेत शिरत नाही. तळाला सोलिंग करावे. दगड आडवे पसरू नयेत, उभे रोवावेत, दोन तृतीयांश जमिनीत, आणि फटी चिपांनी ठोकून भराव्यात. हे काम संथ आहे, पण एकदा नीट झाले की वर्षानुवर्षे हात लावावा लागत नाही.

झाडांच्या बाबतीत थोडक्यात : झाड तोडू नये, वाट वळवावी. झुडपांच्या फांद्या बुंध्यालगत छाटाव्यात, तिरके खुंट ठेवू नयेत, कारण पडलेल्या स्वाराच्या पोटात जाणारा खुंट हा खडकापेक्षा भयंकर असतो. बाभूळ, बोर आणि हेकळ यांचे काटे वेचून काढावेत आणि ती काटी जवळच्या शेतकऱ्याला कुंपणासाठी विचारून द्यावी. कचरा जाळू नये. डिसेंबरनंतर कुसळी गवत कडकडीत वाळते आणि एका ठिणगीने अख्खी टेकडी पेटते. कामाच्या जागी विडी-सिगारेटला पूर्ण बंदी असावी.

राखणीविषयी बोलताना मला पांझरेवरची फड पद्धत आठवते. बंधाऱ्यातून काढलेले पाट शेतकऱ्यांनी स्वतः पाळ्या ठरवून सांभाळले. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, आणि हंगामापूर्वी पाटांची सफाई सर्वांनी मिळून. आमच्या वाटेचेही आम्ही तसेच तुकडे पाडले आहेत. प्रत्येक ४०० ते ५०० मीटरांची जबाबदारी दोघांवर असते आणि त्यांच्या नावाची वही असते. वर्षात तीन फेऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली मृगाच्या आधी : खोलगट जागांतला गाळ काढणे आणि बाहेरचा काठ पाहणे. चाकांच्या दाबाने मधला भाग खचतो आणि काठाला सरीच्या वरंब्यासारखा वरंबा तयार होतो. तो पाण्याला आत कोंडतो, म्हणून दाताळ्याने फोडून सपाट करावा. दुसरी फेरी पहिल्या मोठ्या सरीच्या वेळी, शक्य असेल तर पाऊस पडत असतानाच. विजा कडाडत असतील तर मात्र टेकडीवर जाऊ नये. छत्री आणि फावडे घेऊन वाटेने चालावे आणि पाणी कुठे वळते, कुठे थबकते ते वहीत लिहावे. कोरड्या दिवशी चार तास पाहून जे समजत नाही ते तिथे दहा मिनिटांत दिसते. तिसरी फेरी हस्ताचा पाऊस ओसरल्यावर दुरुस्तीची.

ओल्या वाटेवर सायकल चालवू नये, हा नियम पाळून घेणे सर्वांत जड जाते. आमची कसोटी साधी आहे : चाकाचा ठसा उमटला तर उतरावे आणि परत फिरावे. मुरमाचा भाग दोन उन्हांत सुकतो, मातीचा भाग चार-पाच दिवस घेतो. तेवढे दिवस वाटेच्या तोंडाशी दोरी बांधून फलक लावावा आणि त्यावर कारणही लिहावे. नुसती बंदी लोक मोडतात, कारण कळले की बहुतेकजण थांबतात.

चुकलेली वाट बंद करणे हेही श्रमदानच आहे आणि ते नव्या वाटेइतक्याच मनापासून करावे. नुसत्या फांद्या टाकून भागत नाही. आमच्या त्या पहिल्या सरळ वाटेत आम्ही दर चार-पाच मीटरांवर दगडांचे छोटे बांध घातले, मधली जमीन कुदळीने सैल केली, पवन्या आणि मारवेलचे बी टाकले आणि वरच्या टोकाला, जिथून ती दिसत असे, काटी रचली. पहिल्या पावसाळ्यात बांधांमागे वीतभर माती साठली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गवत गुडघ्याला लागले, आणि पायथ्याच्या शेतात त्यानंतर गाळ उतरलेला नाही.