केबिनमध्ये डायरेक्ट व्हेंट हीटर बसवताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात तळ्याकाठी केबिन घेतली की पहिल्याच हिवाळ्यात प्रश्न पडतो तो उबेचा. पाइपलाइनचा गॅस तिथवर सहसा पोचत नाही, वादळात वीज जाते. मग टाकीतल्या प्रोपेन गॅसवरचा डायरेक्ट व्हेंट हीटर येतो, म्हणजे भिंतीतल्या पाइपातून बाहेरची हवा घेणारा आणि धूरही बाहेरच सोडणारा. तो बंद पडला की लोक हीटर उघडून बसतात. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! आधी कोट चढवून बाहेर जा. बिघाड बहुधा भिंतीपलीकडेच सापडतो.

खरेदी करताना

स्वस्त पडतो म्हणून व्हेंटलेस हीटर घेऊ नका. तो खोलीतलीच हवा वापरतो आणि धूरही खोलीतच सोडतो. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे 1.6 लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. ते खिडक्यांवर गोठतं, लाकडात मुरतं. कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळीच. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने गुदमरल्याच्या बातम्या आपल्याकडेही येतात, हा धोका त्याच जातीचा. डायरेक्ट व्हेंटमध्ये पाइपात पाइप असतो. बाहेरच्यातून हवा आत येते, आतल्यातून धूर बाहेर जातो, खोलीशी ज्योतीचा संबंध नाही. तरीही बॅटरीवरचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म लावाच.

गरजेपेक्षा मोठा हीटर सारखा चालू-बंद होत राहतो. वीज गेल्यावरही चालायला हवा असेल तर कायम पेटता पायलट (बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) आणि विजेविना चालणारा थर्मोस्टॅट असलेलं मॉडेल घ्या. नैसर्गिक वायूचा हीटर तसाच प्रोपेनला जोडू नका. बर्नरकडे जाणारा दाब एकाला साधारण 3.5 इंच, दुसऱ्याला 10 इंच उंच पाण्याच्या स्तंभाइतका लागतो, आणि गॅस सोडणारा जेटही वेगळा. कोलोरॅडोसारख्या उंचीवर केबिन असेल तर मॅन्युअलमधला उंचीचा तक्ता आधी बघा.

भोक पाडण्याआधी

बहुतेक चुका इथे होतात. व्हेंटचं तोंड जमिनीपासून किमान 12 इंच वर हवं, असं नियम सांगतो. तीन फूट बर्फ साचला की त्या 12 इंचांचा काय उपयोग? बर्फाची नेहमीची पातळी विचारा आणि त्याच्या वर जा. पत्र्याचं छप्पर असेल तर उताराच्या बाजूला व्हेंट नकोच. मार्चमध्ये ऊन पडलं की बर्फाची अख्खी लादी एकदम घसरते आणि व्हेंटची टोपी चेपते. खाली रेग्युलेटर असेल तर तोही जातो. छपराच्या त्रिकोणी टोकाकडची भिंत बरी. खिडकीपासूनचं अंतर मॅन्युअलप्रमाणे ठेवा.

ओंडक्यांच्या भिंती जाड असतात, व्हेंट किट ठरावीक जाडीपुरतंच येतं. आधी मोजा, मग मागवा. पाइपाभोवतीच्या फटीत स्प्रे फोम भरणं हा ठार वेडेपणा. गरम पाइप आणि लाकूड यांच्यातली जागा मुद्दाम सोडलेली असते.

गॅसची लाइन आणि दाबाची चाचणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. नंतर सांधे साबणाच्या पाण्याने तपासा, काडेपेटीने नव्हे. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून गळालं तर जमिनीलगत साचतं. वास आला तर कुठलंही बटण न दाबता बाहेर पडा, फोन लांब जाऊन करा.

चालेना झाल्यावर

नॉब सोडताच पायलट विझतो? बऱ्याच दिवसांनी लावला असेल तर लाइनमधली हवा निघेपर्यंत पेटायलाच वेळ लागतो. पेटल्यावर मिनिटभर दाबून धरा. तरी विझला तर थर्मोकपल (पायलट पेटलाय हे ओळखणारा भाग) सैल झालंय किंवा संपलंय. उन्हाळाभर बंद राहिलेल्या हीटरची ज्योत पिवळट, मरतुकडी दिसली तर कोळ्याचं जाळं शोधा, ते पायलटच्या बारीक भोकाजवळही सापडतं. बाहेरच्या टोपीत गांधीलमाशीचं घर आहे का तेही पाहा.

एरवी ठीक चालतो आणि नेमक्या कडाक्याच्या रात्री दगा देतो, तेव्हा संशय टाकीवर घ्या. प्रोपेन उणे 42 अंश सेल्सियसला उकळतं. उणे 30 ला टाकीत दाब फारच कमी उरतो आणि लहान सिलिंडरमधून पुरेसा वायू तयारच होत नाही. 30,000 बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) हीटर पूर्ण आचेवर तासाला सुमारे 1.4 पौंड गॅस खातो. म्हणजे बार्बेक्यूचा 20 पौंडी सिलिंडर कागदावर 14 तास, आणि त्या थंडीत तेवढाही नाही. मोठी टाकी बसवा. रेग्युलेटरचं श्वासाचं भोक खाली तोंड करून, झाकणाखाली ठेवा. तिथे बर्फ धरला तर ज्योतीचा गॅस टॉर्च लावून वितळवायला जाऊ नका.

टाकी 30 टक्क्यांवर आली की गॅसवाल्याला फोन करा, आणि त्याआधी रस्त्यावरचा बर्फ काढून घ्या. रस्ता मोकळा नसेल तर ट्रक परत जातो.