तीन कणांमधील गुरुत्वीय बलांवरून वस्तुमाने कशी काढावीत

दोन कणांमधील गुरुत्वीय बल आणि अंतर ठाऊक असले, तरी न्यूटनच्या नियमातून हाती लागतो तो केवळ त्यांच्या वस्तुमानांचा गुणाकार. ती वेगवेगळी काढण्यासाठी त्यांच्या बेरजेसारखी आणखी एखादी अट लागते. तिसरा कण आला की मात्र जोड्या तीन आणि अज्ञातेही तीनच, असा मेळ बसतो.

क, ख आणि ग हे कण याच क्रमाने एका सरळ रेषेत आहेत असे समजू. कख हे अंतर ०.२ मीटर, खग ०.३ मीटर आणि म्हणून कग ०.५ मीटर आहे. जोड्यांमधील बले अनुक्रमे १.००×१०⁻⁸, १.३३×१०⁻⁸ आणि ३.२०×१०⁻⁹ न्यूटन आहेत. (ही बले इतकी क्षीण असतात, की १७९८ मध्ये कॅव्हेंडिश यांना शिशाच्या गोळ्यांमधील आकर्षण मोजण्यासाठी बारीक तारेला पडणाऱ्या पिळाचा आधार घ्यावा लागला.)

प्रत्येक बलाला त्याच जोडीच्या अंतराच्या वर्गाने गुणावे आणि ६.६७×१०⁻¹¹ या गुरुत्व स्थिरांकाने भागावे. वस्तुमानांचे गुणाकार जवळपास ६, १८ आणि १२ येतात. आता क ज्यांत आहे ते दोन गुणाकार एकमेकांशी गुणून उरलेल्या तिसऱ्याने भागले, तर ख आणि ग दोन्ही छेदले जातात व क चा वर्ग उरतो: ६×१२÷१८ = ४. म्हणून क २ किलोग्रॅम, ख ३ किलोग्रॅम आणि ग ६ किलोग्रॅम.

खरी अडचण येते ती जोड्यांमधील बलांऐवजी प्रत्येक कणावरील परिणामी बल दिलेले असते तेव्हा. वरील मांडणीत क वर १.३२×१०⁻⁸ न्यूटन आणि ख वर ०.३३×१०⁻⁸ न्यूटन बल ग च्या दिशेने, तर ग वर १.६५×१०⁻⁸ न्यूटन बल उलट दिशेने लागते. क्रिया-प्रतिक्रियेच्या नियमामुळे या तिघांची बेरीज शून्यच येणार, त्यामुळे तिसरे समीकरण पहिल्या दोहोंतच दडलेले असते आणि उत्तर एकमेव राहत नाही. अशा उदाहरणात एखाद्या जोडीचे बल किंवा एक वस्तुमान दिले आहे का, हे आधी शोधावे.

कण त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर असतील तर ही अडचण उरत नाही, कारण एका कणावरील परिणामी बलाचे त्याच्या दोन बाजूंच्या दिशांनी पृथक्करण केले की दोन जोड्यांची बले लगेच मिळतात, आणि तिसरे बल दुसऱ्या कोणत्याही कणावरून काढता येते.