आधी ऑक्टोबर सांभाळा

एमएस्सी करून भूजलाच्या कामात आले, तेव्हा वाटायचं, नकाशा बिनचूक असला की निर्णयही बिनचूक होणार. पहिल्याच अहवालानं हा समज मोडला. मराठवाड्यातल्या एका पाणलोटाचा अभ्यास होता. पंपिंग टेस्ट, विहिरींचे छेद (कुठल्या खोलीवर कुठला थर ते दाखवणारी चित्रं), आलेख, सगळं जोडून फेब्रुवारीत अहवाल दिला. बैठकीत अधिकाऱ्यांनी दोन पानं उलटली आणि विचारलं, "मॅडम, एप्रिलमध्ये टँकर कुठल्या गावाला लागेल?" उत्तर माझ्या वहीत होतं, अहवालात नव्हतं. तोवर रब्बीची पिकं उभी राहून विहिरी निम्म्या उपसल्याही होत्या.

म्हणून या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना मी आधी वर्षाचं चक्र शिकायला सांगते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यात पावसाळ्यानंतरची, ऑक्टोबरमधली मोजणी सर्वांत मोलाची. मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ती ताडून कुठल्या भागात टंचाई येईल याचा अंदाज बांधतात. शेतकरी रब्बीत गहू घ्यायचा की हरभरा हे ठरवतो तेव्हाच हा आकडा गावात पोचला पाहिजे. हिवरे बाजारला हेच साधलंय. पाऊस किती झाला याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात.

दुसरी अडचण खडकाची. राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा. एकाच शिवारात एका विहिरीला मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक लागतो, पाणी टिकतं. शेजारी काळा पाषाण, जानेवारीतच तळ दिसतो. प्रशासन तालुका आणि गाव धरून चालतं, पाणी पाणलोट धरून. तालुक्याची सरासरी देऊन मोकळं होऊ नका. पाणलोटातली गावं नावानिशी लिहा.

कायदाही वाचा, मूळ मजकूर वाचा. 1993 च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातले. 2009 चा व्यापक भूजल कायदा 2014 मध्ये लागू झाला. त्यात 60 मीटरहून खोल विहिरींचा विचार वेगळा केलाय. पण कुणाच्या बोअरमुळे गावाची विहीर आटते, हे कायद्याचं कुठलंच कलम सांगत नाही. ते आपण मोजून दाखवायचं. तेवढा पुरावा हातात नसेल तर तहसीलदारांनी कारवाई करावी कशी?

आता माझ्या अहवालाचं पहिलं पान म्हणजे एक तक्ता असतो: गाव, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरेल, आणि ते लांबवायचं तर कुठलं पीक किती एकरांनी कमी करावं लागेल. आलेख मागे, परिशिष्टात.

आणि मोजणीला स्वतः जा. टेप सोडण्याआधी मोटर कधी बंद केली ते विचारा. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. विहीर खोदताना हजर असलेलं म्हातारं माणूस गावात असेल, तर झरा कुठल्या बाजूनं आणि किती हातांवर लागला हे विचारून वहीत छेद काढा आणि तिथेच त्यांना दाखवा.